बारा वाड्यांचे मसुरे : गावाची आणि शहराची शीव कोण ठरवतो?

१/
आंगणेवाडीची जत्रा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. भराडी देवीच्या दर्शनाला लाखो माणसे येतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, सर्व पक्षांचे पुढारी हजेरी लावतात. पण आंगणेवाडी हे मुळात स्वतंत्र गाव नव्हे. मालवण तालुक्यातील मसुरे या गावाची ती एक वाडी. मुंबईतल्या कितीतरी चाळींना वाडीचे नाव पाठ असते, गावाचे नसते. एखादी वाडी नेमकी कोणाची, आणि ते ठरवतो कोण, याचा हा इतिहास. (धागा)

२/
मसुरे गड नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. गावाची ओळख ‘बारा वाड्यांचे मसुरे’ अशी. देऊळवाडा, मर्डे, बिळवस, वेरली, मागवणे ही नावे परिसरात रोज ऐकू येतात. या वाड्यांच्या मध्ये डोंगर आहेत, वहाळ आहेत, भातशेतीचे मळे आहेत. एका वाडीतून दुसरीकडे निघालेल्या परक्या माणसाला वाटावे की आपण गाव ओलांडून दुसऱ्या गावात आलो.

३/
मग मसुरे नक्की केवढे? देवस्थानाला विचारले तर एक उत्तर मिळते, ग्रामपंचायतीला विचारले तर दुसरे. जुन्या परंपरेत हे सारे एक मसुरे. आजच्या पंचायत कारभारात मर्डे, देऊळवाडा, बिळवस, वेरली यांच्या ग्रामपंचायती निरनिराळ्या आहेत. यांतले कोणतेही उत्तर खोटे नाही. प्रत्येक उत्तरामागचे काम वेगळे आहे, आणि कामाप्रमाणे मोजणीची शीव बदलते.

४/
हाच प्रश्न लहान शहरांपुढे अधिक तीव्रतेने उभा राहतो. शहराला लागून असलेली वस्ती शहरात धरायची की नाही? धरली तर घरपट्टी कोण घेणार, पाणी कोण देणार, जमिनीवर आरक्षण कोण टाकणार? आज या वादाला ‘हद्दवाढ’ म्हणतात. शब्द नवा असला तरी वाद फार जुना आहे.

५/
मराठेशाहीच्या कागदपत्रांत वस्तीच्या प्रकारांना नेमके शब्द होते. ‘मौजे’ म्हणजे स्वतंत्र गाव. ‘मजरे’ म्हणजे दुसऱ्या गावाच्या पोटात मोडणारी लहान वस्ती. ‘कसबा’ म्हणजे बाजार आणि सरकारी अंमल असलेले मोठे ठिकाण. ‘पेठ’ म्हणजे सरकारच्या परवानगीने मुद्दाम वसवलेली बाजारवस्ती; तिचे शेटे आणि महाजन स्वतंत्र असत. पुण्याच्या कसब्याभोवती पेशवाईत एकेक पेठ वसत गेली आणि शहर वाढले, ते याच रीतीने.

६/
गाव दुभंगले की नावातही त्याची खूण राही. मोठा भाग ‘बुद्रुक’, लहान भाग ‘खुर्द’. हे शब्द फारसीतल्या ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’ यांवरून आले. मसुऱ्याच्या शेजारीच बांदिवडे बुद्रुक आणि बांदिवडे खुर्द ही जोडी आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर अशा शेकडो जोड्या सापडतात. त्यातली प्रत्येक जोडी म्हणजे ‘आम्ही तुमच्यात की वेगळे’ या प्रश्नाचा कधीतरी लागलेला निकाल.

७/
हा फरक केवळ शब्दांचा नव्हता. वस्ती मजरे ठरली तर तिच्यावरचा मान आणि हक्क मूळ गावच्या वतनदारांकडे जात. तीच वस्ती मौजे ठरली तर तिची पाटीलकी किंवा खोती वेगळी, हक्कलाजिमा वेगळा, सरकारी साऱ्याची जबाबदारीही वेगळी. म्हणून वाडीने गावापासून फुटणे किंवा गावाने वाडीवर हक्क सांगणे हा भांडणाचा विषय होई आणि प्रकरण गोतसभेपर्यंत जाई.

८/
देशावरचे गाव आणि कोकणातले गाव यांची रचनाच वेगळी. देशावर घरे गावठाणात दाटीने बसलेली, भोवती गावकूस, आत शिरायला वेस. कोकणात प्रत्येक घराभोवती स्वतःचे परडे, माडापोफळीची बाग, मग पायवाट, मग दुसरे घर. अनेक घरांची मिळून वाडी, अनेक वाड्यांचे मिळून गाव. इथे तटबंदी नाही. त्यामुळे ‘वेस’ हा शब्द इथे दगडी दरवाजापेक्षा वहाळ, टेंब, जुने झाड किंवा सीमेवरच्या देवाचे ठिकाण यांच्याशी जोडला गेला.

९/
एवढ्या विखुरलेल्या घरांना एक गाव म्हणून धरून ठेवण्याचे काम दक्षिण कोकणात ‘गावऱ्हाटी’ने केले. ग्रामदेवता, तिचे मानकरी, बारापाचांची बैठक, देवाचा कौल, वर्षाचे ठरलेले विधी अशी ही व्यवस्था. पालखी कोणत्या वाडीतून जाणार, कोणत्या घराने काय आणायचे, कोणाचा मान आधी, हे सारे परंपरेने बांधलेले. या व्यवस्थेत गावचा माणूस ओळखायचा तो त्याच्यावरच्या कामावरून. ज्याच्यावर देवाचे काम, तो गावचा.

१०/
याचे सर्वात ठळक उदाहरण मसुऱ्याहून फार दूर नाही. आचरा, चिंदर, वायंगणी या मालवण तालुक्यातील गावांत ‘गावपळण’ होते. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की ठरलेल्या दिवशी सारे गाव घरांना कुलपे लावून शिवेबाहेर पडते. गुरे, कोंबड्या, कुत्री सोबत. तीन दिवस आणि तीन रात्री माळावर, राहुट्यांत किंवा झावळ्यांच्या झोपड्यांत मुक्काम. त्यानंतर पुन्हा कौल, आणि देवाने हुकूम दिला की परत घरी.

११/
आचऱ्याची गावपळण काही वर्षांच्या अंतराने होते. इनामदार श्री देव रामेश्वर हे तिथले ग्रामदैवत. आचऱ्याचे वर्णन बारा वाड्या आणि आठ महसुली गावे असे केले जाते. म्हणजे सरकारच्या दप्तरात आठ नावे, पण देवाच्या हुकमापुढे गाव एकच. विशेष असे, की या वेळी बाहेर पडणाऱ्यांत आचऱ्यातील मुस्लिम कुटुंबेही असतात. कौल रामेश्वराचा, पण शिवेच्या आत राहणारा प्रत्येक जण त्यात मोजलेला.

१२/
गावपळणीमागची कारणे अनेक सांगितली जातात. कोणी भूतबाधेची कथा सांगतो, कोणी गाव काही दिवस मोकळे ठेवण्याच्या आरोग्याची. शिवेच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट घडते. काही वर्षांनी एकदा प्रत्येक वाडीला स्वतःच्या पायांनी शीव ओलांडावी लागते. नकाशा हाती नसलेल्या पोरालाही त्या तीन दिवसांत समजते, की आपले गाव अमुक वहाळापाशी संपते.

१३/
पण गावऱ्हाटीला सोन्याचा मुलामा देणे हा इतिहास नव्हे. मान म्हणजे उतरंड. कोणाचा मान पहिला हे ठरते तेव्हा कोणाचा शेवटचा आणि कोणाला मानच नाही हेही ठरते. दलित वस्त्या गावाच्या कामात पूर्ण धरल्या जात, पण गावाच्या बैठकीत नाही. देशावर त्या गावकुसाबाहेर, कोकणात निराळ्या वाडीत. गावात मोजले जाणे आणि गावात बरोबरीने बसणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

१४/
यातला विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की साक्षीला ज्याचा शब्द वजनदार मानला जाई, तो गावचा महार वतनदार. शीव राखणे, सीमेच्या खुणा ध्यानात ठेवणे, परक्याला वाट दाखवणे ही त्याची वतनी कामे. शपथ घेऊन शीव चालून दाखवण्याची रीत होती. गाव कुठे संपते हे ज्याला सर्वात चांगले ठाऊक, त्याचेच घर गावाच्या कडेला.

१५/
या वतनी कामाचा मोबदला तुटपुंजा आणि राबणूक अमर्याद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले, आणि त्याचा थेट संबंध रत्नागिरी जिल्ह्याशी, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाशीही होता. कनिष्ठ गाववतने अखेर १९५८च्या कायद्याने संपली. शिवेचा इतिहास सांगताना शीव राखणाऱ्यांचा हा इतिहास वगळता येत नाही.

१६/
आता राजकारणाची शीव. मसुऱ्यात भरतगड आहे आणि खाडीच्या पलीकडे, बांदिवड्याच्या बाजूला, भगवंतगड. जुन्या गॅझेटियरनुसार वाडीचे सावंत आणि बावड्याचे पंत अमात्य यांच्यातील तंट्यातून १६८०च्या सुमारास फोंड सावंतांनी भरतगडाचे काम सुरू केले; ते १७०१ मध्ये पुरे झाले. त्याला उत्तर म्हणून बावडेकरांनी समोर भगवंतगड उभारला. एकाच पाण्याच्या दोन तीरांवर दोन सत्ता एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

१७/
१८१२ मध्ये कोल्हापूरकर छत्रपतींनी मालवण इंग्रजांना दिले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर या प्रदेशाची मोजणी नव्या पद्धतीने सुरू झाली. मोजणी खात्याने शेताला क्रमांक दिले, गावाचा नकाशा काढला, शिवेवर दगड बसवले. आता गाव म्हणजे देवाच्या कामात सहभागी असलेली घरे नव्हेत, तर सारा वसूल करण्यासाठी आखलेले क्षेत्र. महसुली गाव ही कल्पना इथे पक्की झाली आणि ती आजही सातबाऱ्यावर आहे.

१८/
मग जनगणना आली. शहर कशाला म्हणायचे याची व्याख्या तिला करावी लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साधारण व्याख्या अशी होती : नगरपालिका असलेली, छावणी असलेली वस्ती म्हणजे शहर, शिवाय जिथे घरे सलग आहेत, किमान ५,००० माणसे कायम राहतात आणि प्रांताच्या जनगणना अधिकाऱ्याला जी वस्ती शहर म्हणून धरावीशी वाटते, तीही शहर.

१९/
या व्याख्येतला ‘सलग घरे’ हा शब्द कोकणासाठी अडचणीचा. बारा वाड्यांची माणसे एकत्र मोजली तर आकडा मोठा भरतो, पण घरे सलग नाहीत. दोन वाड्यांच्या मध्ये भाताचा मळा आला की मोजणाऱ्याच्या नजरेने वस्ती तुटली. दाट गावठाण डोळ्यांपुढे ठेवून केलेली व्याख्या विखुरलेल्या गावाला लागू पडेना. त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा होतीच.

२०/
१९६१च्या जनगणनेने मर्जी काढून टाकली आणि तीन कसोट्या लावल्या : लोकसंख्या किमान ५,०००, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि लोकवस्तीची घनता दर चौरस मैलाला किमान १,०००, जी पुढे दर चौरस किलोमीटरला ४०० अशी धरली गेली. ही चाळणी लागताच १९५१ मध्ये शहर गणलेली देशभरातील आठशेच्या आसपास ठिकाणे यादीतून गळाली. तिथली माणसे, घरे, बाजार तिथेच राहिले, फक्त ‘शहर’ हे नाव गेले.

२१/
‘बिगरशेती’ म्हणजे काय, हाही प्रश्न होताच. १९६१ आणि १९७१ मध्ये मासेमारी, बागायत, पशुपालन ही कामे बिगरशेतीत धरली. १९८१ मध्ये ती शेतीच्या बाजूला टाकली. पुण्यामुंबईला याने काही फरक पडत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पडतो. ज्या वस्तीचे पोट रापण, होडी आणि माडाच्या बागेवर चालते, ती एका दशकात शहराजवळ सरकते आणि पुढच्या दशकात दूर जाते, आणि तिने स्वतः मात्र काहीच बदललेले नसते.

२२/
सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११च्या गणनेत त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. त्यात शहरी हिस्सा १२.५९ टक्के. हे वाचून वाटते की जिल्हा जवळपास पूर्ण खेडवळ आहे. पण शाळा, बँका, दुकाने, लॉज, मुंबईहून येणारा पैसा आणि मुंबईला जाणारी माणसे पाहिली तर गाव आणि शहर यांच्यातली रेषा इतकी सरळ दिसत नाही. आकडा खरा आहे. तो व्याख्येचाही आकडा आहे.

२३/
मालवण शहराकडेच पाहावे. मेढा, भरड, धुरीवाडा असे भाग नगरपरिषदेत. लगतचे कुंभारमाठ, कोळंब, तारकर्ली मात्र ग्रामपंचायतींकडे. मालवण म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर त्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. हा किल्ला वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोडतो. पर्यटक मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसतो आणि शहर सोडून गावात पोहोचतो.

२४/
वाड्यांना स्वतंत्र कारभार मिळण्याची वाट १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याने मोकळी केली. त्यानुसार पंचायतीचे ‘गाव’ म्हणजे महसुली गावच असले पाहिजे असे नाही. एकाहून अधिक महसुली गावे मिळून एक पंचायत होऊ शकते, तशी महसुली गावातली वाडीही वेगळी पंचायत होऊ शकते. मसुऱ्यासारख्या पसरलेल्या गावाला हे सोयीचेच. दाखल्यासाठी डोंगर ओलांडून जावे लागू नये, आपल्या वाडीचा रस्ता आपणच ठरवावा, ही इच्छा रास्त आहे.

२५/
वेगळे होण्याची किंमतही असते. मोठ्या गावाच्या मानाने लहान पंचायतीचे उत्पन्न थोडे, आवाज थोडा. उद्या बाजारपेठ वाढून तिथे नगरपंचायत करायची ठरली, तर आधी विचारले जाते की लोकसंख्या किती. बारा वाड्या एकत्र असत्या तर जो आकडा पुढे ठेवता आला असता, तो तुकड्यांत ठेवता येत नाही. कारभार जवळ आला, पण ओळख वाटली गेली. हा सौदा प्रत्येक पिढीला पुन्हा मोजावा लागतो.

२६/
१९९२ची ७४वी घटनादुरुस्ती शहरांसंबंधीची. तिने तीन पायऱ्या ठेवल्या : गावाकडून शहराकडे सरकणाऱ्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. कोणता भाग कोणत्या पायरीवर, हे लोकसंख्या, घनता, उत्पन्न, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व पाहून राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारने, ठरवायचे. कसोट्या लिहिल्या गेल्या. अंतिम शब्द मात्र मंत्रालयाचा.

२७/
त्यानंतर महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायती देण्याचे धोरण आले. २०१५-१६ च्या सुमारास सिंधुदुर्गात अशा नगरपंचायती झाल्या, आणि त्यांची नावे वाचण्यासारखी आहेत : कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी, देवगड-जामसंडे. दोडामार्ग आणि वैभववाडी ही तालुक्याची प्रसिद्ध नावे. कसई आणि वाभवे ही ज्यांच्या जमिनीवर तो बाजार वाढला त्या गावांची. शहर झाले, पण गावाचे नाव पुसले गेले नाही. जुन्या कागदातली मौजे आणि पेठ इथे एका फलकावर शेजारी बसली.

२८/
गावाचे शहर झाल्याने प्रत्यक्षात काय बदलते? सरपंच जातो, नगराध्यक्ष येतो. ग्रामसभा जाते, तिथे उभे राहून थेट प्रश्न विचारण्याची सोय जाते. रोजगार हमीचे काम ग्रामीण भागापुरते असल्याने ते थांबते. घरपट्टीचे दर, बांधकामाची परवानगी, विकास आराखड्यातली आरक्षणे यांचे नियम बदलतात. दुसऱ्या बाजूला रस्ते, दिवे, गटारे, कचरा उचलणे आणि शहरांसाठीचा निधी यांची दारे उघडतात. शेत असणाऱ्याला पहिली यादी दिसते, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला दुसरी.

२९/
या वादाचे सर्वात लांबलेले उदाहरण घाटावर, कोल्हापुरात. नगरपालिका १८५४ची, महानगरपालिका १९७२ची. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. पण महानगरपालिका झाल्यानंतर पाच दशके उलटली तरी हद्द जवळपास तेवढीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. पाचगाव, कळंबा, उचगाव यांसारखी गावे शहराला इतकी चिकटली की रस्त्यावर हद्द शोधावी लागते. हद्दवाढीचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले आणि ग्रामस्थांच्या बंद-मोर्चांपुढे पुन्हा पुन्हा थांबले.

३०/
दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. शहर म्हणते : तुम्ही आमचे रस्ते, बस, बाजार, शाळा वापरता, खर्चात वाटा उचला. हद्द न वाढल्याने शहराला जागा नाही आणि निधीही लोकसंख्येच्या हिशेबात अडतो. गावे म्हणतात : आहे त्या हद्दीतल्या उपनगरांना तुम्ही धड पाणी देत नाही; आमच्या शेतावर आरक्षण आणि घरावर जादा पट्टी एवढेच आमच्या वाट्याला येईल. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. गावे गावेच राहिली, नियोजन मात्र एकत्र. वाद त्यानेही मिटला नाही.

३१/
जिथे गावे आत घेतली, तिथेही शीव स्थिर राहिली नाही. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यातली १८ वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुण्याने १९९७ मध्ये ३८ गावे घेतली, त्यातली काही लवकरच वगळली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ आणखी घेतली.

३२/
पुण्याचीच फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे लक्षात ठेवण्यासारखी. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या उशाला पडत होता, तेव्हा ती गावे शहराबाहेर होती. २०१७ मध्ये ती शहरात आली आणि कराची बिले आली. पुढे त्यांनी वेगळे होण्याची मागणी धरली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कचऱ्यासाठी जवळ आणि सोयींसाठी दूर, अशी ज्यांची गणना झाली त्यांना शीव म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

३३/
जुनी आणि नवी पद्धत शेजारी ठेवली तर काय दिसते? गावऱ्हाटीत वाडीला आधी काम मिळे, त्या कामातून ती गावची ठरे. बरोबरी मात्र मिळत नसे. आजच्या पद्धतीत कायद्यापुढे सारे समान, पण वाडीला आधी अधिसूचना मिळते, मग हरकती नोंदवायची मुदत, मग कराचे बिल, आणि सोय शेवटी. पहिल्या पद्धतीत न्याय नव्हता, दुसरीत विश्वास नाही. हद्दवाढीचे बहुतेक लढे या विश्वासाच्या तुटीवर उभे आहेत, गावकऱ्यांच्या हट्टावर नव्हेत.

३४/
म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक गावे शहरात’ अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारावेत. मोजणी कशासाठी चालली आहे : कर, नियोजन, निधी की मतदारसंघ? सोय आधी येणार की पट्टी? आणि शिवेवर राहणाऱ्याला बैठकीत जागा आहे का? महार वतनदाराला शीव ठाऊक होती, पण बैठकीत जागा नव्हती. तिसरा प्रश्न त्याच्यापासून चालत आला आहे.

३५/
आणि मसुरे? भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. ती दरवर्षी देवीला विचारून ठरते आणि मग मुंबईपर्यंत वाऱ्यासारखी पसरते. त्या दिवशी मर्डे, बिळवस, देऊळवाडा यांच्या पंचायती वेगळ्या आहेत याची कोणाला आठवण होत नाही. दुसऱ्या दिवशी दाखला काढायचा असतो, तेव्हा ती आठवण होते. दोन्ही दिवस खरे, आणि मसुरेही दोन्ही दिवशी खरे.
(धागा समाप्त)